परवानगी मागितली, उत्तर आले नाही, नोटीस आली : एका सामाजिक घरमालक संस्थेच्या फेरफार-परवानगी सेवेचे परीक्षण

सामाजिक गृहनिर्माणातील, म्हणजे परिषदेने किंवा ना-नफा संस्थेने कमी भाड्याने दिलेल्या घरातील, भाडेकरूला राहत्या घरात काही बदल करायचा असेल, तर त्याला घरमालक संस्थेकडे लेखी अर्ज करावा लागतो. आणि मंजुरी येण्यापूर्वीच बदल केला, तर त्याच संस्थेच्या तक्रार विभागापुढे स्वतःची बाजू मांडावी लागते. या दोन खिडक्या वेगळ्या दिसल्या तरी भाडेकरूच्या दृष्टीने ती एकच सेवा आहे, आणि गेल्या चौदा महिन्यांत आमच्या कुटुंबाला तिचा जो अनुभव आला, तो येथे सविस्तर लिहीत आहे. संस्थेचे नाव मी देत नाही, कारण तिच्यातील ज्या दोन-तीन कर्मचाऱ्यांनी आम्हाला मनापासून मदत केली, त्यांची ओळख उघड व्हावी असे मला वाटत नाही. माझे मत आधीच सांगते. या सेवेतील तांत्रिक पाहणीचे काम उत्तम आहे, तक्रारीच्या दुसऱ्या टप्प्यावरील निर्णय न्याय्य होता, परंतु अर्जांना वेळेवर उत्तर देण्याचे जे मूळ काम, ते इतके वाईट आहे की पुढच्या बहुतेक वादांचा जन्म तेथेच होतो.

आम्ही पाच मजली इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात माझे पती, मुलगी, सासूबाई आणि मी. सासूबाईंच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यानंतर स्नानटबाच्या काठावरून पाय उचलून आत ठेवणे त्यांना अशक्य झाले. आजारी किंवा वृद्ध माणसाला रोजची कामे करता यावीत म्हणून सल्ला देणाऱ्या व्यवसायोपचारतज्ज्ञ घरी येऊन गेल्या. त्यांनी टबाच्या काठाची उंची मोजली, सासूबाईंना उठताबसताना पाहिले, आणि टब काढून जमिनीशी सपाट शॉवर, भिंतीला घडीचे आसन व दोन आधारदांडे बसवावेत, अशी लेखी शिफारस केली. ते पत्र जोडून मी संस्थेच्या छापील नमुन्यात अर्ज भरला. नमुन्यात कामाचा आराखडा, कारागिराचे नाव, त्याच्या विम्याची प्रत आणि घर सोडताना सर्व काही पूर्ववत करून देण्याची हमी, एवढे मागितले होते. बदल कशासाठी हवा आहे, हे विचारणारा रकाना मात्र त्यात कोठेही नव्हता, आणि मला आजही या सेवेचा सर्वांत मोठा दोष तोच वाटतो. कारण ज्या कागदावर गरज लिहायला जागाच नाही, त्या कागदावरून हौशीने बदललेली फरशी आणि वृद्ध माणसाला रोज लागणारा आधारदांडा यांत फरक करणे कोणत्याही अधिकाऱ्याला जमणार नाही.

अर्ज मिळाल्याची पोच दुसऱ्याच दिवशी आली. त्यानंतर अकरा आठवडे काहीही आले नाही. या काळात मी चार वेळा दूरध्वनी केला, आणि चारही वेळा ‘अर्ज विचाराधीन आहे’ हे एकच उत्तर मिळाले. कोणाच्या विचाराधीन आहे आणि कधीपर्यंत, हे कोणीच सांगू शकले नाही. नवव्या आठवड्यात सासूबाई टबातून बाहेर येताना घसरल्या आणि त्यांच्या मनगटाला मार बसला. बाराव्या आठवड्यात आम्ही परवानाधारक प्लंबरला बोलावून काम करून घेतले. हा बदल विनापरवाना होता, हे मी नाकारत नाही. परंतु तो चोरून केलेला नव्हता, आणि ‘विनापरवाना’ या एका शब्दाखाली न विचारता केलेले आणि विचारूनही उत्तर न मिळाल्यामुळे केलेले असे दोन अगदी वेगळे व्यवहार झाकले जातात, ही गोष्ट या सेवेच्या कोणत्याही पत्रात मान्य केलेली मला दिसली नाही.

चार महिन्यांनी वार्षिक गॅस तपासणीसाठी आलेल्या तंत्रज्ञाने घराची छायाचित्रे काढली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी नोटीस आली. तिच्यात तीन फेरफार एकाच वाक्यात गुंफले होते : स्नानटब काढणे, मुख्य दाराला आपोआप मिटवणारा डोअर क्लोजर काढणे, आणि स्वयंपाकघर व आतला बोळ यांमधील भिंतीत मोकळा चौक, म्हणजे आरपार उघडी जागा, पाडणे. २८ दिवसांत सर्व पूर्ववत करावे, अन्यथा संस्था स्वतः काम करील आणि खर्च आमच्याकडून वसूल करील, असे तिच्यात बजावले होते. यांपैकी पहिला बदल आम्ही अर्ज करून केला होता, दुसरा न विचारता केला होता, आणि तिसरा आम्ही केलाच नव्हता. तो चौक आम्ही राहायला आलो तेव्हाही तेथे होता. तीन गोष्टींची तीन वेगळी उत्तरे असताना नोटीस एक, मुदत एक आणि धमकीही एकच होती.

अशा प्रसंगी काय अपेक्षित धरावे, हे कळावे म्हणून मी इतर ठिकाणचे नियम वाचले, आणि माझ्या मूल्यमापनाचा आधार तेच आहेत. इंग्लंडमध्ये १९८५ च्या गृहनिर्माण कायद्याच्या ९७ व्या कलमानुसार स्थानिक परिषदेच्या सुरक्षित भाडेकरूने (ज्याला कायद्यात ठरवलेल्या कारणांशिवाय घराबाहेर काढता येत नाही) लेखी संमतीशिवाय घरात सुधारणा करू नये, असा नियम आहे. त्यात दूरचित्रवाणीचा अँटेना लावणे आणि घराला बाहेरून रंग देणे हेसुद्धा सुधारणेत मोडते. मात्र त्याच कलमात घरमालकाने अवाजवी कारणाने संमती नाकारू नये असेही म्हटले आहे, आणि तशी ती नाकारली तर संमती दिली असेच मानले जाते. पुढचे ९८ वे कलम मला अधिक मोलाचे वाटले. नकार वाजवी होता हे सिद्ध करण्याचा भार त्यात घरमालकावर टाकला आहे. बदलामुळे घर किंवा इमारत कमी सुरक्षित होते का, घरमालकाला एरवी करावा लागला नसता असा खर्च करावा लागेल का, घराची किंमत किंवा त्याला मिळू शकणारे भाडे घटेल का, अशा कसोट्या तेथे सांगितल्या आहेत. नकार द्यायचा तर कारणे लेखी द्यावी लागतात, आणि वाजवी वेळेत संमतीही दिली नाही व नकारही दिला नाही, तर संमती नाकारली असे धरले जाते. वरवर पाहता ही तरतूद भाडेकरूच्या विरुद्ध वाटते, परंतु तिचा उपयोग उलटा आहे : मौनाला नकाराचे रूप मिळाले की त्या नकाराला आव्हान देता येते. आमच्या अकरा आठवड्यांच्या मौनाला कोणतेच रूप नव्हते, म्हणून त्याविरुद्ध काहीच करता येत नव्हते. काम झाल्यानंतर दिलेली संमतीही वैध ठरते, हेसुद्धा त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे.

नेदरलँड्सच्या नागरी संहितेतील रचना मला याहून सोपी वाटते. तेथे घर सोडताना फारसा खर्च न करता काढून टाकता येईल असा बदल भाडेकरू न विचारता करू शकतो. बाकी बदलांसाठी लेखी परवानगी लागते, परंतु त्या बदलामुळे घर पुन्हा भाड्याने देणे अवघड होत नसेल आणि त्याचे मूल्य घटत नसेल, तर घरमालकाला परवानगी द्यावीच लागते, आणि त्याने ती दिली नाही तर भाडेकरू न्यायालयाकडे जाऊ शकतो. या एका विभागणीमुळे पडद्याच्या दांड्या, मांडण्या, दिवे असले शेकडो किरकोळ अर्ज मुळात उभेच राहत नाहीत. आमच्या संस्थेच्या भाडेकरारात भिंतीला छिद्र पाडण्यापासून भिंत पाडण्यापर्यंत सर्वांसाठी एकच कलम आहे, आणि परवानगी विभागातील एका ज्येष्ठ बाईंनी नंतर मला सांगितले की त्यांच्या टेबलावरील निम्म्याहून अधिक अर्ज मांडण्या आणि दिव्यांचेच असतात. आमचा अर्ज त्याच गठ्ठ्यात अकरा आठवडे पडून होता.

येथे घरमालक संस्थांची बाजूही नीट मांडली पाहिजे, कारण त्यांची भीती खोटी नाही. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक संपूर्ण कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. त्या घरातील गॅसची शेगडी भाडेकरूच्या ओळखीच्या माणसाने जोडून दिली होती, आणि जोडणीतील पितळी नट कमी प्रतीचा होता, असे चौकशीत आढळले. एका घरातील एका नटाचा परिणाम वरखालच्या कितीतरी घरांवर होऊ शकतो, हे ज्या व्यवस्थेने पाहिले आहे, तिने गॅसच्या आणि विजेच्या कामाबाबत कठोर राहिलेच पाहिजे. तरीही तो नट हे निमित्त होते. पूर्वरचित काँक्रीटच्या मोठ्या फलकांनी उभारलेल्या त्या इमारतीत एक भिंत निघाली तर वरचा भार पेलायला दुसरी वाट ठेवलेली नव्हती, आणि तो दोष ती उभी करणाऱ्यांचा होता. अशा घटनांचा दाखला भाडेकरूंना देताना त्याचा हा उत्तरार्धही सांगावा, असे मला तीव्रतेने वाटते.

डोअर क्लोजरच्या बाबतीत आमची चूक होती आणि सेवेने ती दाखवून दिली हे योग्य केले. दार इतके जड चाले की सासूबाईंना ते एकट्याने उघडता येत नसे, म्हणून माझ्या पतींनी तो काढून ठेवला. जिन्याकडे उघडणारे मुख्य दार हे साधे दार नसते. ते साधारणपणे अर्धा तास आग आणि धूर अडवील अशा बेताने बनवलेले असते, पण ते मिटलेले असेल तरच. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. आग पसरण्याचे मुख्य कारण नूतनीकरणाच्या वेळी इमारतीला बाहेरून लावलेले ज्वलनशील आच्छादन हे होते, म्हणजे भाडेकरूंनी केलेला कोणताही फेरफार नव्हे. तथापि, अनेक घरांच्या दारांना आपोआप मिटण्याची यंत्रणा नव्हती किंवा ती चालत नव्हती, आणि माणसे बाहेर पळाल्यावर उघड्या राहिलेल्या दारांतून धूर मजल्यांवर भरला, असेही चौकशीत निष्पन्न झाले. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२३ पासून ११ मीटरपेक्षा उंच इमारतींतील घरांची मुख्य दारे वर्षातून एकदा तपासण्याचा प्रयत्न करणे व्यवस्थापकांवर बंधनकारक झाले, ते याच अनुभवातून. हे सारे पाहणीला आलेल्या अभियंत्याने आम्हाला दाराजवळ उभे राहून समजावले, आणि त्यानंतर आमच्या घरात त्या दाराबद्दल वाद राहिला नाही. नोटिशीत मात्र फक्त ‘क्लोजर आढळला नाही, पुन्हा बसवावा’ एवढेच होते. त्यात कारण एका ओळीत जरी लिहिले असते, तरी आम्ही तो त्याच दिवशी परत लावला असता.

तक्रारीचा पहिला टप्पा निराशाजनक होता. मी अर्जाची पोच, दूरध्वनींच्या तारखा, तज्ज्ञांचे पत्र आणि राहायला येताना काढलेली छायाचित्रे जोडून सहा पानी निवेदन दिले. सहा आठवड्यांनी आलेल्या उत्तरात नोटिशीतीलच मजकूर थोड्या वेगळ्या शब्दांत होता, आणि माझ्या एकाही जोडपत्राचा उल्लेख नव्हता. हे उत्तर ज्या कार्यालयाने नोटीस काढली त्याच कार्यालयाने लिहिले होते. स्वतःच्या निर्णयाची तपासणी स्वतःच करण्याची ही पद्धत बदलल्याशिवाय पहिल्या टप्प्याला तक्रार-निवारण म्हणता येणार नाही. तरीही तो टप्पा ओलांडल्याशिवाय पुढे जाता येत नाही, त्यामुळे तो वगळू नये, असेच मी इतरांना सांगेन.

दुसऱ्या टप्प्यावर परिस्थिती पूर्ण बदलली. तक्रार संस्थेच्याच, परंतु वेगळ्या विभागातील अधिकाऱ्याकडे गेली, आणि त्यांनी पहिल्याच दूरध्वनीत संयुक्त पाहणीची तारीख दिली. पाहणीला एक अभियंता, परवानगी विभागातील त्या ज्येष्ठ बाई आणि भाडेकरूंच्या समितीची एक प्रतिनिधी आल्या. ती सकाळ या सेवेतील सर्वोत्तम तीन तास होती, आणि अशी पाहणी अर्जानंतर तीन आठवड्यांत झाली असती, तर हे परीक्षण लिहिण्याची वेळ आली नसती. अभियंत्याने शॉवरच्या फरशीवर पाणी ओतून उतार पाहिला, पाणी जाळीकडेच जाते की दाराकडे पसरते हे दोन वेळा तपासले, फरशीखालचा जलरोधक थर भिंतीवर किती उंच चढवला आहे हे आमच्याकडच्या छायाचित्रांवरून मोजले, आणि प्लंबरने काम चालू असताना काढलेली ती छायाचित्रे पाहून त्याचे कौतुकही केले. टब असलेल्या स्नानगृहात पाणी टबातच राहते, पण सपाट शॉवरमध्ये संपूर्ण जमीनच पाणी झेलते. त्यामुळे जलरोधक थर एका कोपऱ्यात जरी फाटला, तरी खालच्या घराच्या छतावर ओल उतरते आणि मूळ कारण शोधायला महिने जातात. घरमालक संस्था अशा बदलांना घाबरतात त्याचे खरे कारण हे आहे, आणि ते कोणीतरी आम्हाला सांगावे लागते. आमच्या कामात दोन उणिवा निघाल्या : हवा बाहेर काढणारा पंखा पुरेशा क्षमतेचा नव्हता, आणि आधारदांड्यांपैकी एक केवळ पोकळ पार्टिशनवर बसवला होता, त्याला आतून लाकडी आधार नव्हता. दुसरी उणीव ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण सासूबाई रोज त्याच दांड्यावर भार देऊन उठत होत्या.

निर्णय तीन आठवड्यांत आला, आणि तो तिन्ही बाबींना वेगवेगळा होता. शॉवरला अटींसह पश्चात मंजुरी मिळाली : पंखा बदलावा, दांडा पक्का करावा, वीजजोडणीचे प्रमाणपत्र द्यावे. डोअर क्लोजर संस्थेने स्वखर्चाने नवा बसवून दिला. तो उघडताना हलका लागतो, काही क्षण दार उघडे धरतो आणि मग सावकाश पण पूर्ण मिटवतो. अशी उपकरणे बाजारात मिळतात हे संस्थेला आधीपासून ठाऊक होते. मग ज्या घरांत वृद्ध किंवा चाकाच्या खुर्चीवरील माणसे राहतात, तेथे ती मागण्यापूर्वीच का बसवली जात नाहीत, हा प्रश्न मी पाहणीच्या वेळी विचारला आणि तो इतिवृत्तात नोंदवला गेला.

भिंतीच्या चौकाचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे होते, आणि वाचकांपैकी अनेकांना ते उपयोगी पडेल म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. ती भिंत भार पेलणारी नाही, असे इंजिनिअरने काही मिनिटांत सांगितले, आणि आम्हाला वाटले की प्रश्न मिटला. प्रत्यक्षात तो तेथून सुरू झाला. आमच्या घरातील निजण्याच्या खोल्यांतून बाहेर पडण्याची एकमेव वाट त्या बोळातून जाते, आणि बोळाच्या भिंती व दारे यांचे काम स्वयंपाकघरातील आग काही काळ अडवून ती वाट मोकळी ठेवणे हे आहे. भिंतीवर वरच्या मजल्याचा भार नसला, तरी आत झोपलेल्या माणसांची सुटका तिच्यावर अवलंबून असते. तो चौक बंद करणे आवश्यक होते, हे मला पूर्णपणे पटले. खर्च कोणी द्यायचा, एवढाच वाद उरला. संस्थेचे म्हणणे असे की भाडेकरारानुसार घरातील विनापरवाना फेरफारांची जबाबदारी विद्यमान भाडेकरूची असते. आमचे म्हणणे असे की घर ताब्यात देण्यापूर्वी संस्थेने स्वतः त्याची पाहणी केली होती, तिच्या सहीच्या यादीत स्वयंपाकघरापुढे ‘स्थिती चांगली’ असे लिहिले होते, आणि चावी मिळाली त्या दिवशी आम्ही काढलेल्या छायाचित्रांत तो चौक स्पष्ट दिसत होता. शेवटी त्या छायाचित्रांनीच निकाल लावला. दुसऱ्या टप्प्यावरील अधिकाऱ्यांनी खर्च संस्थेवर टाकला आणि नोटिशीतील तो भाग मागे घेतला.

ज्यांच्याकडे अशी छायाचित्रे नसतात, त्यांचे काय होते, हे मी आमच्याच इमारतीत पाहिले आहे. दुसऱ्या भाडेकरूशी घरांची अदलाबदल करून आलेल्या एका शेजाऱ्यांना आधीच्या कुटुंबाने बसवलेल्या लाकडी फरशीसाठी नोटीस आली. गालिचा काढून कडक फरशी बसवली की पावलांचा आणि खुर्च्या सरकवण्याचा आवाज खालच्या घरात थेट पोहोचतो, आणि खालच्या मजल्यावर रात्रपाळी करून दिवसा झोपणारे गृहस्थ राहत असल्याने त्यांची तक्रार अगदी रास्त होती. पण अदलाबदल मंजूर करताना संस्थेचा माणूस त्याच फरशीवर उभा राहून सही करून गेला होता. त्या वेळी त्याने फरशी यादीत नोंदवली असती, तर आज दोन चांगले शेजारी एकमेकांशी बोलेनासे झाले नसते.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज कोणत्या घरात कोठे आहे, हे टिपणाऱ्या संस्थेच्या नोंदवहीबद्दल मात्र मला गंभीर तक्रार नोंदवायची आहे. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसच्या वापरावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, आणि त्यापूर्वी बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या घरांत ते छतावरील खडबडीत लेपात, जुन्या फरश्यांत, नळांभोवतीच्या पेट्यांत आणि टबाच्या बाजूच्या फळीतही सापडते. न छेडता ठेवले तर त्याचा धोका कमी असतो. कापले, घासले किंवा छिद्र पाडले की त्याचे तंतू हवेत जातात, आणि त्यामुळे होणारे आजार अनेकदा काही दशकांनी उघड होतात. पाहणीच्या दिवशी अभियंत्याने संस्थेची नोंदवही उघडली, तेव्हा आमच्या इमारतीतील घरांच्या टबांच्या फळ्या ॲस्बेस्टॉसयुक्त असल्याची नोंद तिच्यात होती. आमच्या घरातील फळी पूर्वीच बदललेली होती, पण हे आम्हाला काम होऊन आठ महिने उलटल्यावर कळले. तोपर्यंत आम्ही, आमचा प्लंबर आणि दाराशी उभी राहून काम पाहणारी माझी मुलगी सर्वच अंधारात होतो. ही माहिती संस्थेकडे होती, टब काढण्याचा आमचा अर्जही संस्थेकडे होता, आणि दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवायला कोणी नव्हते. अर्ज येताच त्या घराची नोंद उलट टपाली कळवणे हे या सेवेचे पहिले कर्तव्य असायला हवे, मग मंजुरी केव्हाही मिळो. या एका कारणासाठी मी परवानगी विभागाला कोणतेही चांगले गुण देऊ शकत नाही.

पैशांच्या बाजूविषयी थोडक्यात. विनापरवाना बदलाचा तोटा केवळ नोटिशीपुरता नसतो. इंग्लंडमध्ये १९९३ च्या कायद्याने आलेल्या तरतुदीनुसार स्थानिक परिषदेच्या सुरक्षित भाडेकरूने संमती घेऊन ठरावीक प्रकारच्या सुधारणा केल्या असतील, तर घर सोडताना त्याला भरपाई मागता येते. संमती नसेल तर भरपाईचा प्रश्नच येत नाही. आमच्या संस्थेतही तसाच नियम आहे, पण तो अर्जाच्या नमुन्यावर किंवा माहितीपत्रकात कोठेही छापलेला नाही. मला तो दुसऱ्या टप्प्यावरील अधिकाऱ्यांनी सांगितला. पूर्ववत करण्याचा खर्च भाडेकरूकडून वसूल होईल हे मात्र दोन ठिकाणी ठळक अक्षरांत आहे.

ज्यांना ही किंवा अशीच सेवा वापरावी लागणार आहे, त्यांना माझे सांगणे असे की अर्जात गरज स्वतःहून लिहावी, रकाना नसला तरी वेगळा कागद जोडावा. घराची ॲस्बेस्टॉस नोंद आणि अग्निसुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाच्या भिंती व दारे कोणती, हे अर्जातच लेखी विचारावे. ठरावीक दिवसांनंतर उत्तर न आल्यास ‘उत्तराअभावी हा नकार समजून मी तक्रार दाखल करीत आहे’ असे पत्र द्यावे, कारण आम्ही दूरध्वनी करत बसलो आणि त्यांपैकी एकाचीही नोंद संस्थेच्या दप्तरी सापडली नाही. काम करावेच लागले, तर भिंत आणि फरशी बंद होण्यापूर्वीची छायाचित्रे ठेवावीत. चावी हातात येते त्या दिवशी सामान आत आणण्याआधी प्रत्येक खोलीची छायाचित्रे काढावीत, हे तर मी आता भेटेल त्या प्रत्येकाला सांगते. आणि गॅस, वीज, भार पेलणाऱ्या भिंती व मुख्य दार यांना मंजुरीशिवाय हात लावू नये, उत्तराला कितीही उशीर झाला तरी. त्या बाबतीत मी आज संस्थेच्या बाजूने उभी राहीन.

शेवटचे पत्र गेल्या महिन्यात आले. पंखा बदलला आहे, दांड्यामागे लाकडी आधार घातला आहे, आणि मंजुरीच्या पत्रासोबत घराच्या यादीची सुधारित प्रत मिळाली आहे. तिच्यात स्नानगृहापुढे आता ‘सपाट शॉवर, घडीचे आसन, दोन आधारदांडे, मंजूर’ असे लिहिले आहे आणि त्याखाली अभियंत्याची सही व तारीख आहे. आमच्यानंतर या घरात जे कोणी राहायला येतील, त्यांना त्या शॉवरसाठी नोटीस येणार नाही. अर्जाच्या नमुन्यात गरजेचा रकाना घालण्याची माझी सूचना भाडेकरू समितीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे, आणि मी त्या बैठकीला जाणार आहे.